फेट्यावर उमटलेली हवा

माझ्या वडिलांचा, आबांचा पांढरा फेटा उंब्रजहून पलूसला पोहोचेपर्यंत जांभळा झाला, आणि त्यात माझा दोष फक्त एका पातेल्यापुरता होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होतो आणि हायवेच्या धुराविरुद्ध पत्रकं वाटत होतो. (लोक त्यात भजी बांधायचे!) ओझोन कुठल्याच धुराड्यातून बाहेर पडत नाही, गाड्यांचा धूर आणि ऊन मिळून तो हवेतच घडवतात, हे वाचून मी थक्क झालो होतो. आता पुरावा हवा होता. खळीत पोटॅशियम आयोडाइड मिसळायचं, त्यात कागद बुडवून बाहेर टांगायचे. ओझोन लागला की कागद जांभळे. सुट्टीत घरी मी खळ शिजवली, औषध मिसळलं आणि कागद आणायला गेलो.

दोन-तीन तासांनी परत आलो तर पातेलं रिकामं!

"शाले, तुजा दादा सुदारला गं!" आई बहिणीला सांगत होती. "न सांगता खळ करून ठिवली. आबांचा फेटा बघ कसा कडक झालाय!"

तोच फेटा बांधून आबा शालनची सोयरीक पक्की करायला निघाले. नवऱ्यामुलाचे वडील शाळामास्तर, माणसाची पारख टापटिपीवरून करणारे. आणि आबा फौजेतले निवृत्त सुभेदार! जगाला सत्य ठणकावून सांगणारा मी जीपमध्ये मुकाट मागे बसलो.

जीप उघडी, ऊन रणरणतं, पुढे ट्रकांची रांग. कऱ्हाडला फेट्यावर निळसर ढग आले. पलूसला तर डोक्यावर वांगंच!

"आवं सुभेदार," मास्तर म्हणाले, "होळी कवाच झाली की!"

आबांनी फेटा उतरवला. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय रं ह्ये?"

मी सगळं ओकलो. शालनची सोयरीक माझ्या पातेल्यात बुडाली होती.

"घामानं झालं आसंल," मास्तर पुटपुटले आणि त्यांनी फेटा उलगडला. डोक्याला चिकटलेल्या आतल्या घड्या पांढऱ्याशुभ्र! हवा लागली तेवढाच भाग जांभळा. कुणालाच न दिसणारी हवा सोप्यात जमिनीवर पसरली होती. बायका दाराशी आल्या, आबासुद्धा वाकून बघत राहिले.

"म्हंजी ह्ये आमी रोज छातीत घेतो?" मास्तरांचा आवाज खाली आला.

"व्हय."

"किती?"

"त्ये न्हाई सांगता येत." रंगावरून प्रमाण सांगणारा तक्ता मी बनवलाच नव्हता!

मास्तर हसले. "तोंडावर चूक कबूल करणारं घर हाय. पोरगी पसंत!"

ओझोन काही मला मोजता आला नाही. सोयऱ्यांनी मात्र लग्नात नीट मोजून मला नवरदेवाच्या कपड्यांपासून दहा हात लांब बसवलं!