शेवटची पानं फुकट मागणारे गुरुजी

मंडळी, आज सकाळी भूमहून एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. माझी कादंबरी त्यांना लई आवडली होती. मी खूश!

मग म्हणाले, "पण ताई, शेवटची पानंच न्हायत की! असं पुस्तक छापतात व्हय?"

मी घाबरले. "कुठून घेतलंत, गुरुजी?"

"घ्यायचं कशाला? ग्रुपवर पीडीएफ आली. आमी सगळ्यांनी वाचली. उरलेल्या पानांचे तेवढे फोटो पाठवा."

माझं डोकंच फिरलं. नोकरी अन् घर सांभाळून लिहिलंय मी ते!

"फोटो मिळणार नाहीत. विकत घ्या, नाहीतर वाचनालयातून आणा," मी म्हटलं.

"वाचकाशी असं बोलतात व्हय?" म्हणून त्यांनीच फोन आपटला.

तुमच्यापैकी कुणाकडं आहे ती फाईल? आत्ताच्या आत्ता डिलीट कराल का?