बसून करायचा धंदा

धंदा काढायची कल्पना मला सुचली नाही, मालकाने दिली. शिवीसारखी दिली, पण दिली.

सोलापूरच्या नवी पेठेत, शाळेच्या गणवेशांच्या एका दुकानात मी अकरा वर्षं काउंटरवर होते. होते म्हणजे उभी होते. आमच्याकडच्या कापड दुकानांची रीतच तशी आहे. मालक गादीवर, गिऱ्हाईक स्टुलावर आणि कामाच्या बायका काउंटरमागे उभ्या. सकाळी शटर उघडल्यापासून ते पडेपर्यंत. दुपारी दुकानात चिटपाखरू नसलं तरी उभ्याच. एखादी भली बाई म्हणायची, "तुमी बी बसा की, किती येळ उभ्या हाय." मी हसून म्हणायचे, "असू द्या, उभंच बरं वाटतं." हे खोटं मी किती वेळा बोलले असेन, देव जाणे.

अकराव्या वर्षी, शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी, दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. माझ्या पोटऱ्यांच्या शिरा फुगून दोरीसारख्या झाल्या होत्या. मी जरा कापडाच्या गठ्ठ्यावर टेकले. दोन मिनिटं, फार तर तीन. मालकाने गादीवरूनच, सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत आवाज चढवला, "बसायचं असंल तर सोताचं दुकान टाक की! हितं बसायला ठिवलंय व्हय तुला?"

दोन बायका फिसकन हसल्या. मी उठले. हातातल्या पिनाफोरची घडी घातली, गळ्यातली टेप काढून काउंटरवर ठेवली आणि चालत घरी आले. आमच्या भवानी पेठेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं नाही. घरी आल्यावर आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. मला त्या माणसाला उभं राहिलेलं बघायचं होतं. माझ्यासमोर, आणि मी बसलेली असताना. त्यापलीकडे मला तेव्हा काही नको होतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसं काही नको होतं.

पोरीच्या जुन्या वहीत कोरी पानं होती. त्यावर मी धंद्याच्या कल्पना लिहायला घेतल्या. पहिली शेंगाची चटणी. सोलापुरात घरटी एक बाई चटणी कुटते, ती माझी कशाला विकत घेईल, हा विचार मी केला नाही. मालक जेवायला बसलाय, चटणी तोंडात घालतोय, "कुणी केली?" म्हणून विचारतोय आणि माझं नाव ऐकून त्याला ठसका लागतोय, इतपत मात्र केला. मग कडक भाकरी. मग त्याच्या दुकानासमोर चहाची गाडी, म्हणजे त्याच्या गिऱ्हाइकांना चहा पाजता पाजता कानात जे घालायचं ते घालता आलं असतं. चहाची गाडी उभ्यानेच चालवतात हे माझ्या ध्यानात चौथ्या दिवशी आलं. मग त्याच्या शेजारीच गणवेशाचं दुकान, त्याच्या दुप्पट. पैसे कुठून आणायचे ते लिहिलं नव्हतं. पाटी कुठल्या रंगाची, ते लिहिलं होतं.

नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. त्याने वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मिटली आणि म्हणाला, "ह्यात गिऱ्हाईक कुटं हाय? पानापानावर तुजा मालकच बसलाय की."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. खोटं बोलला असता तर लगेच बोलले असते.

श्रावणात मागच्या गल्लीतली एक बाई पोरीचा पिनाफोर घेऊन दारात आली. पोरगी दोन महिन्यांत उंच झाली होती. "तेवढं खालनं सोडून लांब करून द्या की. तुमीच म्हणला हुता, आत चार बोटं माया हाय म्हणून."

माया म्हणजे आत दुमडून शिवलेलं जादा कापड. आमच्याकडे कुठलीही आई गणवेश घेताना पोरीच्या अंगाला लावून बघण्याआधी तो उलटा करते आणि खालची दुमड बोटांनी मोजते. पोरगी वाढली की टाके उसवायचे, कापड सोडायचं, एकाच गणवेशात दोन वर्षं निघतात. मी तो पिनाफोर उलटा केला. बघायची गरज नव्हती, मला माहीतच होतं. दुमड दिसायला जाड होती, पण आत कापडाच्या जागी कॅनव्हासची पट्टी घातलेली. दोन वर्षांपासून मालक सगळे गणवेश असेच शिवून घेत होता. "आखूड झाला की वर्साच्या आत परत येत्यात," असं त्याचं गणित. आणि आम्ही काउंटरवरून सांगायचं, आत माया आहे. या बाईला मी सांगितलं होतं. तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं.

माझे कान तापले. "मला ठाऊक होतं," असं काही माझ्या तोंडातून निघालं नाही. एवढंच म्हणाले, "ठेवा, उद्या न्या."

ट्रंकेत त्याच निळ्या कापडाचा तुकडा सापडला. खाली जोडला असता तर सगळ्या शाळेला दिसला असता. म्हणून पिनाफोर कमरेत कापला, मध्ये चार बोटांची पट्टी घातली आणि वरून त्याचाच पट्टा बसवला. जोड पट्ट्याखाली गेला. दुसऱ्या दिवशी ती बाई तो उलटासुलटा करून बघत राहिली, "अगं बया, जोड दिसत बी न्हाय!" त्या आठवड्यात तिच्या गल्लीतून आणखी पाच पिनाफोर आले. पाचही एकाच दुकानातले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शेवटची दोन वर्षं मी गावातल्या शेकडो पोरींना आखूड होणारे कपडे विकले होते. त्या सगळ्या आता वाढणार होत्या. माझी गिऱ्हाइकं मालकाने स्वतःच्या हाताने तयार करून ठेवली होती, आणि थोडी माझ्या हातानेही.

पुढच्या खोलीत सासूबाईंचं पायाचं मशीन मांडलं. पाटी करण्याआधी मी सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. माझ्या दुकानात कुणी उभं राहायचं नाही, हा पहिला नियम. पाटीवर लिहून घेतलं, "कुठल्याही दुकानाचा आखूड गणवेश लांब करून मिळेल."

मधे एक चूक केली तीही सांगते, लपवून काय करू. पहिल्या उन्हाळ्यात रागाच्या भरात मी नवे गणवेशही शिवले. त्याने माया मारली म्हणून मी आठ आठ बोटं सोडली. आया खूश झाल्या आणि पुढच्या जूनला एकही फिरकली नाही. कशाला फिरकतील? पोरी वाढत होत्या, कापड सुटत होतं. नवरा म्हणाला, "तुजा मालक एवढा येडा नव्हता म्हणायचा." माझ्या हातात इस्त्री होती. गरम होती. मी ती कापडावरच ठेवली आणि नवे गणवेश शिवणं बंद केलं. त्याचे आखूड गणवेश पुरेसे होते. दर महिन्याला येतच होते.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम करायचे. आलेला पिनाफोर सगळ्यांसमोर उलटा करायचा, टाके उसवून कॅनव्हासची पट्टी बाहेर ओढायची आणि मोठ्याने विचारायचं, "कुठनं घेतला हो?" बाई दुकानाचं नाव सांगायची. बाकीच्या खुर्च्यांवरच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. "आत माया हाय म्हणाली की वो तितली काउंटरवरची!" असं कुणी म्हणालं की मी मान खाली घालून सुई ओवायला घ्यायचे.

तिसऱ्या वर्षी, सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी तो आला. आठ-नऊ वर्षांच्या नातीने त्याला हाताला धरून आणलं होतं. कवायतीत बाईंनी तिला बाहेर काढलं होतं, पिनाफोर गुडघ्याच्या वर गेला म्हणून. त्याच्या दुकानात जानेवारीत ते माप शिल्लक नव्हतं. "माझ्या वर्गातल्या सगळ्या इथंच येतात," पोरगी म्हणाली.

मी मशीनवर बसले होते. उठले नाही. "या," म्हणाले. पुढचा शब्द गिळला.

पिनाफोर हातात घेतला, उलटा केला. विचारलं, "कुठनं घेतला?"

"आमच्याच दुकानातला आहे," पोरगी म्हणाली.

मी त्याच्याकडे बघितलं. "आत माया हाय का, मालक?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "न्हाय."

हा शब्द ऐकायला मी तीन वर्षं थांबले होते. वाटलं होतं, जीव गार होईल. थोडा झाला. पुरेसा नाही.

मी कमरेत कात्री लावली. पोरगी एका खुर्चीत बसून पाय हलवत होती. पाच खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याने एकीच्या पाठीवर हात ठेवला, पण बसला नाही. मालकाने सांगितल्याशिवाय बसायचं नाही, ही त्याच्याच दुकानातली रीत. इथे मालक मी होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. आधी डाव्या पायावर भार टाकत होता, मग उजव्या, मग परत डाव्या. ती अदलाबदल मला चांगली ओळखीची होती.

"आजोबा, बसा की," पोरगी म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी दोरा ओवत होते.

"असू दे," तो म्हणाला. "उभंच बरं वाटतं."

काम पंधरा मिनिटांचं होतं. मी पायडल सावकाश मारायला लागले.