विहिरीतला सीन

नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. सत्तावीस वर्षं झाली. तुम्हाला सांगते आहे — तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणूनच बहुधा.

आदिलला तुम्ही ओळखता. आता सगळेच ओळखतात. त्याचा पहिला सिनेमा मात्र फारसा कुणी पाहिलेला नाही, आणि ज्यांनी पाहिला त्यांनी तो विसरून टाकला. शाळकरी पोरांचा विनोदी सिनेमा — विनोद शोधायला दुर्बीण लागावी. कोथरूडला मी तो पाहिला तेव्हा थिएटरात आम्ही जेमतेम वीस जण होतो. अख्ख्या सिनेमात लोक एकाच ठिकाणी खदखदून हसले. पोरं हीरोला विहिरीत ढकलतात, तो हातपाय झाडतो, पाणी पितो, तिथे. मी उठून बाहेर गेले.

आदिल माझ्या बालनाट्य शिबिरातला मुलगा. त्याचे वडील टेलर, आमच्या नाटकांचे कपडे शिवायचे. कमी बोलणारा, शब्दाला जागणारा माणूस. सिनेमावाल्यांना चौदा वर्षांचा मुलगा हवा होता, मी आदिलचं नाव सुचवलं. आमच्या शिबिराचा मुलगा सिनेमात — ती पाटी मी मनातल्या मनात रंगवूनही टाकली होती. मग दिग्दर्शकाचा फोन आला. पोहता येतं ना त्याला? मी म्हणाले, हो, उत्तम.

येत नव्हतं. आणि मला ते ठाऊक होतं का? — होतं. सहलीला सगळी पोरं नदीत उतरली तेव्हा हा काठावर चपला राखत बसला होता, आणि का, ते त्यानेच मला सांगितलं होतं. मला वाटलं, शूटिंगला महिना आहे, शिकवू कुठेतरी. महिना गेला. मग त्याला सांगितलं, घाबरू नकोस, विहिरीत आत पायरी आहे, पाय टेकतील. पायरी आहे की नाही, हे मी बघितलंही नव्हतं.

मांजरी गावात उसाच्या फडाशेजारची विहीर. भर दुपार, आणि पाणी काळं. धक्का बसला, आदिल आत गेला, वर आला, पुन्हा गेला. कॅमेरा चालूच. सगळे खूश — काय काम करतोय पोरगा. दिग्दर्शकाने हसू दाबायला तोंडावर रुमाल धरला होता. आणि मी? मला पहिल्या गटांगळीलाच कळलं होतं. पण ओरडले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं ना, तुम्हाला कसं कळलं? म्हणून गप्प उभी राहिले. किती वेळ? सिनेमात ते पंचेचाळीस सेकंद आहेत. नंतर कधीतरी मी ते मोजले.

शेवटी शेतावरचा गडी ओरडला, "आवं, हसताय काय, पोरगं बुडाय लागलंय." आणि त्याने उडी टाकली.

इथपर्यंत भित्रेपणा म्हणता येईल. पुढचं त्याहून वाईट आहे.

आदिल गाडीत टॉवेल गुंडाळून कुडकुडत बसला होता. बाहेर दिग्दर्शक चढ्या आवाजात विचारत होता, याला पोहता येतं असं कुणी सांगितलं? मी आदिलशेजारी बसले, त्याचे केस पुसले — मायेने पुसले, ते खोटं नव्हतं — आणि हळूच म्हणाले, "तूच मला सांगितलं होतंस, पोहता येतं म्हणून. आठवतंय ना?"

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हो ताई. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. हात जोडून दिग्दर्शकाची माफी मागितली, माझीही. पोरगा खोटं बोलला, आमच्या घरात असं होत नाही, म्हणाले. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी आदिलचा कुठलाही शब्द खात्री केल्याशिवाय मानला नाही. हे आदिलनेच मला सांगितलं, हसत हसत. वडील गेले तेही तोच समज घेऊन.

परवा कोथरूडलाच आदिलची मुलाखत झाली. हॉल गच्च. तो किस्सा त्याने सांगितलाच, नेहमी सांगतो: कामासाठी ताईंना थाप मारली आणि मरता मरता वाचलो. हशा, टाळ्या. मग खाली येऊन सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरला नाही, हेही सांगून टाकते.

त्याला खरं आठवत असेल का? विचारायची माझी छाती झाली नाही.

त्याचा मुलगा शेजारी उभा होता. बारा-तेरा वर्षांचा, डोळे बापाचेच. सगळे फोटोत गुंतले होते, तेव्हा त्याने विचारलं, "आजी, अब्बांना पोहता येत नाही, हे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नाही रे बाळा," मी म्हणाले. "मला कसं माहीत असणार?"

तोही माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि बापाजवळ जाऊन उभा राहिला.