मनमित्र कक्षाची लाभार्थी यादी

कुंडलिक सरांना मी अकरा वर्षं ओळखते आणि त्यातली दहा वर्षं त्यांना निरुपद्रवी समजत होते. ही माझी चूक. वरकुट्याचा हा माणूस बारामतीजवळच्या आमच्या कॉलेजात खेळ शिकवतो, म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवून सावलीत बसतो. आजोबांनी मेंढरं वळली, वडिलांनी ऊस लावला, यांना माणसं वळायची हौस. रक्तदान, वृक्षारोपण, मतदार जागृती, कुठलीही समिती निघो, तिचे समन्वयक हेच. मी तिथली ग्रंथपाल, त्यामुळे त्यांच्या सगळ्या समित्यांचे अहवाल माझ्याच कपाटात धूळ खातात.

मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी कक्ष उघडा, असं वरून पत्र आलं. प्राचार्यांनी ते न वाचताच सरांच्या नावे टाकलं. सरांनी दोन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं, तेही कॅमेरा बंद ठेवून, आणि समुपदेशक झाले. जिमखान्यामागच्या खोलीतल्या सतरंज्या हलवल्या, दारावर फ्लेक्स लागला: 'मनमित्र कक्ष'. त्यावर सरांचा गॉगल घातलेला फोटो. आत यायचं तर फॉर्म, पालकाची सही, दोन पासपोर्ट फोटो. मी म्हटलं, सर, पोरं रडायला येणार, शिष्यवृत्तीला नाही. ते म्हणाले, पुरावा लागतो मॅडम.

एवढं कळत असूनही रुक्सारला मीच त्यांच्याकडे पाठवलं. कोऱ्हाळे बुद्रुकची ही मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील अल्लाबक्षभाई पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतात. चार महिने ती लायब्ररीत एकच पान उघडून बसायची. एक दिवस हळूच म्हणाली, झोप लागत नाही, आणि जगून काय करायचं तेही कळत नाही. मी घाबरले. घाबरलेला माणूस जबाबदारी ढकलतो, तशी मी ढकलली. अल्लाबक्षभाईंनी मात्र फॉर्मवर लगेच सही केली. पोरगी कुणापाशी तरी बोलली, याचाच त्यांना आनंद होता.

सरांनी तिला सांगितलं, रोज पहाटे दोन किलोमीटर पळ आणि मोबाईल कमी बघ. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण तेही मी सोडून दिलं असतं. महिनाअखेरीला मात्र, आपल्याकडे कुठल्याही योजनेची लावतात तशी, सरांनी नोटीस बोर्डावर लाभार्थ्यांची यादी लावली. अकरा नावं, वर्ग, गाव, आणि शेवटच्या रकान्यात 'अडचणीचे स्वरूप'. रुक्सारच्या नावापुढे लिहिलं होतं: जीव नकोसा होणे. खाली सही आणि कॉलेजचा शिक्का.

मी तो कागद फाडला तोवर त्याचा फोटो कोऱ्हाळ्याच्या ग्रुपवर पोहोचला होता. सरांना जाब विचारला तर मलाच म्हणाले, पारदर्शकता नको का? या माणसाला लाज वाटायलाही वरून पत्रच यावं लागलं असतं.

रुक्सार कॉलेजला यायची थांबली. मी घरी गेले तेव्हा अल्लाबक्षभाईंनी चहा दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "मॅडम, लय दिसांनी ती तुमच्यापाशी बोलली हुती. आता घरातबी बोलंना." मग त्यांनीच तिला मोटरसायकलवर बसवून बारामतीतल्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायला सुरुवात केली, दर आठवड्याला, दुकान बंद ठेवून. औषधं लागली, वेळ लागला, पण पोरगी परीक्षेला आली.

त्या दिवशी ती लायब्ररीत दिसताच कुंडलिक सर हजर. वार्षिक अहवालासाठी त्यांना तिचा फोटो आणि चार ओळींचं मनोगत हवं होतं. कक्षाची पहिली यशोगाथा म्हणे. मला त्यांची किळस आली.

रुक्सारनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, माझ्या वर्गातली एकजण माझ्यापरीस वाईट हालतीत हाय. मी तिला म्हणलं, सांग कुणाला तरी. ती म्हणली, मेले तरी चालंल, बोर्डावर नाव नको."

मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. सरांनी बगलेतलं कक्षाचं रजिस्टर टेबलावर उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "नाव काय तिचं? कुठल्या गावची?"

रुक्सार उठून निघाली आणि तिच्यामागून मीही गेले. परत आले तेव्हा रजिस्टर तिथंच उघडं पडलं होतं. त्या तारखेपुढे सरांनी 'निरंक' लिहून सही केली होती.