नर्सबाईचं फुगलेलं पोट

माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन धाकट्या मुलाच्या जन्मानंतर लगेच झालं होतं, आणि त्या ऑपरेशनवर माझी निम्मी नोकरी चालायची. गडचिरोलीच्या जंगलपट्टीतल्या एका उपकेंद्रावर मी नर्स होते. बायका ऑपरेशनला घाबरायच्या. मग मी पदर बाजूला करून बेंबीखालची टाक्यांची खूण दाखवायची. "पाहा. मी मेली का? पाणी भरते, सायकल चालवते, अन् पुन्हा दिवस गेले नाईत." याहून चांगलं भाषण मला कधी सुचलं नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी तेच पोट फुगायला लागलं.

पाळी थांबून वर्ष झालं होतं. थांबली ते बरंच झालं, पण अंगातून वाफा निघायच्या. लस टोचायला सुई हातात घेतली की तळहात घामाने निसरडे व्हायचे. झोप तर नव्हतीच. शेवटी चंद्रपूरच्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. एक गोळी तीन आठवडे घ्यायची, त्यातल्या शेवटच्या दहा दिवसांत दुसरी जोडायची, मग आठवडाभर काही नाही. "त्या मोकळ्या आठवड्यात पाळीसारखं अंगावरून जाईल," त्या म्हणाल्या. "पोट जरा जड वाटेल. घाबरू नका." मी सगळं लिहून घेतलं. लिहून घेतल्याशिवाय मला ऐकल्यासारखं वाटत नाही.

वाफा थांबल्या, झोप आली. पण डॉक्टरीणबाईंचं 'जरा' माझ्या पोटाला कळलं नसावं. दुसरी गोळी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत परकराची नाडी रुतायची, पायावर चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठायचे. गोळ्या संपल्या की पोट उतरायचं, पण पूर्ण नाही. आणि नर्सच्या पांढऱ्या साडीत काही लपत नाही.

मी कामाला लागले. लाखोळीची डाळ बंद, सुकट बंद, लोणचं बंद. रात्रीचा भात अर्धा. जेवणावर ओव्याचं पाणी, आणि बसायच्या आधी शाळेच्या मैदानाला एक फेरी. फरक पडला, पण थोडाच. गॅस, मीठ, बसून राहणं, अशी एकेक शंका खोडत गेले आणि दोनच उरल्या. गाठ आणि गर्भ. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर तपासून घ्या, असं बायकांना मीच सांगत आले होते. आता ते रक्त माझंच होतं. दुसरी शंका वेडेपणाची होती, पण ऑपरेशन क्वचित फसतं हे नर्सला माहीत असतं.

"चंद्रपूरला जाऊन ये," आमचे हे म्हणाले. ते त्याच गावात शाळामास्तर होते.

"ऑपरेशनचं शिबिर झालं की जाते."

"शिबिर तुझ्या पोटाहून मोठं आहे का?"

या महिन्यापुरतं तरी होतं. गावात पाच लेकरांची एक आई होती. शेवटच्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं की तिला खाटेवर घालून नाला ओलांडावा लागला. सगळी वाट माझा हात तिच्या पोटावर दाबलेला होता. सहावं तिला झेपणार नव्हतं, आणि हे तिला माझ्याआधी कळलं होतं. ऑपरेशनचं तिनेच विचारलं. वर्षभर लोहाच्या गोळ्या देऊन मी तिचं रक्त शिबिराच्या लायकीचं केलं. नवरा हो म्हणाला. सासूही माझी टाक्यांची खूण पाहून हो म्हणाली.

शिबिराच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. सासू अंगणात धान वाळत घालत होती.

"सून नाई येत शिबिराले," ती वर न पाहता म्हणाली.

"काऊन?"

"काऊन इचारते? आपलं पोट पाह्य. तुह्यंच आपरेशन फेल झालं."

शेजारीण कुंपणाजवळ येऊन उभी राहिली. "कोन्ता मयना हाय बाई? आता नातवासंगंच पोरगं खेळवशील का?"

"वारा धरला आहे गं," मी म्हणाले. "गोळ्यांनी."

"मले बी चार डाव असाच वारा धरला होता," ती म्हणाली. "चारही शाळेत जाते आता."

सून दारात उभी होती. ती हसली नाही. तिची नजर माझ्या पोटावरून हलत नव्हती.

मी सासूला म्हणाले, "माय, मले पाळी येते. गोळ्यांनी येते. पोटुशी बाईले पाळी येते का?"

"कोनं पाह्यली? तू तं कुर्म्यात बसत नाईस."

पाळीच्या दिवसांत गोंडांच्या बायकांनी गावाबाहेरच्या ज्या झोपडीत राहायचं, ती कुर्मा. वाकून आत शिरायचं, खाली ओल, छपरात विंचू. त्या झोपडीविरुद्ध मी गावात इतकं बोलले होते की पोरंसुद्धा माझी नक्कल करायची. आणि आमच्या घरात धर्मांतरानंतर आईने विटाळ हा शब्दच उंबऱ्याबाहेर टाकला होता. मी त्या दिवसांतही चूल पेटवायची, लस द्यायची, सगळ्यांच्या अंगणात फिरायची. त्यामुळे माझी पाळी गावात कुणालाच कधी दिसली नव्हती.

परत येताना ठरवलं. कुर्म्यात बसायचं. पण बसायला पाळी यायला हवी होती.

गोळ्या संपल्या. एरवी तिसऱ्या दिवशी दिसायचं, ते या वेळी दिसलं नाही. चौथा दिवसही कोरडा गेला. मी सिरिंजा उकळत होते, खोकल्याचं औषध देत होते, आणि मनात एकच चालू होतं. सासूचं खरं असेल तर? नसेल, तर मग आत काय वाढतं आहे? पोटावरून हात फिरवायची भीती वाटायला लागली होती. हाताला काही लागलं असतं तर ते न लागल्यासारखं करता आलं नसतं.

पाचव्या दिवशी सकाळी आलं. शिबिर उद्यावर होतं. मी ह्यांना एवढंच म्हणाले, "भात करून ठेवला आहे. मी कुर्म्यात जाते."

ह्यांनी कोपऱ्यातली चटई गुंडाळली. मग म्हणाले, "चटई ने. खाली ओल असते."

आत दोघीजणी होत्या. त्यातली एक त्या सासूचीच लेक होती.

"औषध द्याले आली का बाई?"

"नाई. बसाले आली."

दोघींनी सरकून मला जागा करून दिली. मी गोळ्यांचं सांगितलं, वाफांचं सांगितलं, पोटाचं सांगितलं. सासूची लेक हसता हसता भिंतीला टेकली. "आमी म्हन्तो हे पिडा कवा जाते, अन् तू चंद्रपुरातून वापस घेऊन आली!"

ओढ्यावर मी कापड धुतलं तेव्हा दोघी शेजारीच होत्या. माझ्याच गावात मला असं पुरावा म्हणून कापड धुवावं लागतंय, याची लाज वाटली. पण मी सावकाश धुतलं, त्यांना दिसेल असं.

दुपारी सासू लेकीचं जेवण घेऊन आली. डबा लांब ठेवला आणि तिला मी दिसले.

"खरंच हाय माय," लेक आतून ओरडली. "आमी पाह्यलं!"

सासू माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने लुगडं आवरलं आणि मागे सरकली. "आता पाक होईस्तोवर माह्या अंगनात पाय ठिऊ नोको."

तिला पटलं होतं. मी कुर्म्यातच बसून राहिले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी सून जीपमध्ये बसली. सासू तिच्याशेजारी. मला मात्र तिने सुनेला हात लावू दिला नाही. मी पुढे, ड्रायव्हरजवळ. पुढे महिनाभराने चंद्रपूरला कळलं की गाठ नव्हती. दुसरी गोळी बदलली आणि पोट बरंच उतरलं. पण त्या जीपमध्ये यातलं काही माहीत नव्हतं, आणि तेव्हा मला माझ्या पोटाची आठवणही नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. परतीच्या दिवशी रस्ता वाईट होता. प्रत्येक खड्ड्याला मी मान वळवून पाहायची. नागमोडी घाटवळणावर सुनेला उलटी झाली, ओठ पांढरे पडले, मान सासूच्या खांद्यावर कलली.

"माय, मला तिची नाडी पाहू दे."

सासूने सुनेला आणखी जवळ ओढलं. ड्रायव्हरने जीप थांबवली. सुनेने डोळे न उघडता हात पुढे केला.

"पाह्य," सासू एकदम म्हणाली. "घरी गेल्यावर तिले आंघोळ घालीन मी."

नाडी जलद होती, पण भरलेली होती. "टाके आहेत माय. पाणी लागू द्यायचं नाही."

तिने सुनेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "तिच्या वाट्याचं पाणी बी मीच माह्या डोक्यावर घेईन. तू हात सोडू नोको."