अर्ध्या तासाच्या आत

पन्नाशीनंतर मी धावायला लागलो आणि पहिल्याच महिन्यात कुळगाव ते चिखलोली रस्त्यावर दोन ट्रक मागे टाकले. ट्रक उभे होते, पण ते कुणी विचारत नाही.

मग पाय असे धरले की जिना उतरायला क्रेन मागवावी लागणार होती. उल्हासनगरला कॅम्प दोनमधून प्रोटीन पावडरचा डबा आणला, रांजणाएवढा. सिंधी दुकानदार म्हणाला, “साईं, दौड़ने के बाद आधे घंटे के अंदर पीना. घोड़ा बन जाओगे.” मी चिखलोलीला थांबायचो, चॉकलेटचा तो गारा बाटलीतून घशाखाली ढकलायचो आणि रिक्षाने घरी यायचो.

घरी आई पेज घेऊन बसलेली असायची. बाबा शेतावरून आले की ती त्यांना मीठ घातलेली पेज द्यायची, पातेलं रिकामं होईपर्यंत समोरून उठायची नाही. बाबा गेले, शेतावर बिल्डिंगी आल्या, पेज थांबली. मी घामाघूम होऊन येऊ लागलो, तशी तिने ती पुन्हा चुलीवर चढवली. आणि मी रोज म्हणायचो, “पोट भरलंय गं.”

एकदा तिने विचारलं, “त्या डब्यात असं काय हाय, जे पेजेत नाय?”

मी प्रोटीनवर प्रवचन दिलं. तिचा चेहरा उतरत गेला, म्हणून शेवटी पळवाट काढली. “पेज चांगलीच गं. पण अर्ध्या तासात प्यावं लागतं. घरी येईस्तोवर वेळ टळते.”

“मग आधी सांगायचं ना.”

त्या रविवारी चिखलोलीला मी बाटली रिकामी केली आणि पाहतो तर समोर रिक्षातून आई उतरतेय. सत्तरी ओलांडलेली, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यात पदराने धरलेला कडीचा डबा.

“गरम हाय अजून. टळली का वेळ?”

मी बाटली पाठीमागे लपवली. “छे, आत्ताच थांबलो.”

पोटात तिळाएवढी जागा नव्हती. तरी डबा संपवला. ती समोर उभी होती. रिकामा डबा घेत म्हणाली, “ओठाला चॉकलेट लागलंय. पूस.”

हल्ली मी चिखलोलीच्या अलीकडूनच वळतो आणि धावणं आमच्या दारात संपवतो. बरोबरच्या धावणाऱ्यांना सांगितलंय, पुढे बिबट्या बसतो, मला ओळखतो म्हणून जाऊ दिलं. पेज मात्र हळूहळू पितो. पातेलं रिकामं झालं की ती उठते.