न उकळलेली पक्कड

लवंगेच्या तेलाचा वास आला की भोपाळच्या आमच्या टाउनशिपमधला दातांचा दवाखाना आठवतो. डॉक्टर मराठी, आमच्याच महाराष्ट्र मंडळातले, सगळ्यांना घरच्यासारखे. माझी दाढ इतकी ठणकत होती की मी आपणहून खुर्चीत बसले. तेवढ्यात लाईट गेली आणि अवजारं उकळायच्या डब्याचा लाल दिवा विझला. नुकताच एकाचा दात काढलेली पक्कड डॉक्टरांनी स्पिरिटने पुसली आणि ते माझ्याकडे वळले. कारखान्याच्या गेटवर सुरक्षेची पत्रकं वाटणारे माझे बाबा म्हणाले, "डॉक्टर, ही उकळलेली नाही." डॉक्टर हसले. "अहो, अर्ध्या कॉलनीचे दात हिनंच काढलेत. इथं तरी गेट-मीटिंग नको." बाकावरची मंडळीही हसली. बाबांनी डॉक्टरांना समजावलं, काविळीची भीती घातली आणि शेवटी मला खुर्चीतून उतरवलं. शेजारच्या काकू लगेच उठल्या. "बरं झालं, माझा नंबर लवकर लागला. घरी कुकर लावायचाय," म्हणत त्यांनी बसता बसताच तोंड उघडलं. आता पत्रकं मी वाटते. लोक हसून घेतात, आणि मला काकूंचं ते उघडलेलं तोंड दिसतं.